म्हातारा कुत्रा अचानक भेलकांडतो तेव्हा

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी एखादा म्हातारा कुत्रा आहे काय? दहा-बारा वर्षांचा, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेला, दिवसभर ओसरीवर पडून राहणारा? समजा, रात्री भाकरी खाऊन तो नेहमीसारखा झोपला आणि सकाळी उठताना एका अंगावर कलंडला. पुन्हा उठला, पुन्हा त्याच बाजूला पडला. मान एकीकडे वाकडी झाली आहे. चालू लागला तर भिंतीला घासत चालतो, नाही तर एकाच दिशेने गोल गोल फिरतो. उलटी होते, लाळ गळते. हाक मारली तर भलतीकडेच पाहतो. डोळ्यांत निरखून पाहिले तर बुबुळे स्थिर नाहीत, ती सारखी एका बाजूला झटके देत आहेत.

अशा वेळी गल्लीत दोन निदाने लगेच तयार होतात. एक म्हणतो, ‘कुत्रं पिसाळलं.’ दुसरा म्हणतो, ‘लकवा मारला, आता त्याचं काही खरं नाही.’ पहिल्या निदानातून काठ्या आणि दगड बाहेर येतात. दुसऱ्यातून कुत्र्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येण्याचा सल्ला निघतो. दोन्ही निदाने कधी कधी खरी ठरतात, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नयेत. पण म्हाताऱ्या कुत्र्यात ही लक्षणे एकाएकी दिसली, तर पुष्कळदा कारण तिसरेच असते. ते कानात असते आणि बहुतेक वेळा आपोआप बरे होते! ते समजून घ्यायचे तर थोडे पदार्थविज्ञान लागेल. मी पदार्थविज्ञानाचाच शिक्षक असल्यामुळे त्या भागावर जरा रेंगाळणार आहे.

एक पेला पाण्याने भरा आणि पाण्यावर गवताची छोटी काडी तरंगत ठेवा. काडीचे एक टोक खिडकीकडे असू द्या. आता पेला टेबलावर ठेवूनच झटकन पाव फेरा फिरवा. पेला फिरला, पण काडी मात्र अजून खिडकीकडेच बोट दाखवते आहे. पाण्याच्या अंगी जडत्व असल्यामुळे ते पेल्याबरोबर लगेच फिरत नाही. पेला फिरवतच राहिलात तर काही वेळाने पाणीही फिरू लागेल. मग पेला एकदम थांबवा. आता पेला थांबला, पण पाणी फिरतेच आहे.

असाच पाण्याचा पेला आपल्या प्रत्येकाच्या कानात आहे. अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखाकृती भागाला लागून तीन बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींना काटकोनात मिळतात, तशा या तीन नलिका साधारणपणे काटकोनांत असतात. त्यांत द्रव भरलेला असतो आणि प्रत्येकीत एक लवचिक जेलीसारखा पडदा असतो. डोके फिरले की नलिका फिरते आणि द्रव मागे राहतो, त्यामुळे पडदा वाकतो. पडद्याच्या मुळाशी असलेल्या केसयुक्त पेशींना हा वाक जाणवतो व मज्जातंतूवाटे मेंदूला वर्दी जाते. शेजारीच आणखी दोन पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. गवंड्याचा ओळंबा जसा खालची दिशा दाखवतो, तसे हे कण मेंदूला ‘खाली’ कोठे आहे ते सांगतात. माणूस, कुत्रा, कबूतर, सर्वांच्या कानांत ही रचना मूलतः सारखीच आहे.

कबुतराचे नाव उगीच घेतले नाही. पॅरिसच्या फ्लुरांस या शास्त्रज्ञाने १८२४ च्या सुमारास कबुतरांच्या या नलिकांवर प्रयोग केले. जी नलिका कापावी, तिच्या पातळीत पक्षी डोके हलवू लागतो, असे त्याला दिसले. पण नलिकेत घडते काय, हे कळायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. १८७३ ते १८७५ या काळात तिघांनी स्वतंत्रपणे द्रवाच्या जडत्वाची कल्पना मांडली. व्हिएन्नाचा ब्रॉयर हा वैद्य होता आणि एडिंबरोचा क्रम ब्राऊन रसायनशास्त्रज्ञ. तिसरा होता अर्न्स्ट माख, ज्याचे नाव आज आपण विमानाच्या वेगासंदर्भात ‘मॅक’ म्हणून घेतो तोच. आगगाडी वळण घेत असताना खिडकीबाहेरची घरे आणि झाडे तिरपी झालेली दिसतात, हे त्याच्या लक्षात आले आणि त्यातून तो या प्रश्नाकडे वळला. अकोला-पूर्णा गाडीत बसाल तेव्हा हे पाहायला विसरू नका.

आता डोळ्यांकडे येऊ. हा अंक हातात स्थिर धरा आणि वाचता वाचता डोके डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरे वाचता येतात. आता डोके स्थिर ठेवून अंक तितक्याच भराभर हलवा. अक्षरे पुसट होतात! पहिल्या वेळी कानाने डोळ्यांना आधीच कळवले होते, की डोके डावीकडे चालले आहे, तुम्ही तितकेच उजवीकडे व्हा. डोके फिरतच राहिले तर बुबुळे सावकाश उजवीकडे सरकतात, कडेला पोचली की झटक्याने डावीकडे परततात आणि पुन्हा सरकू लागतात. डोळ्यांच्या या सावकाश-झटका हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. भिंगरीसारखे गरगर फिरून थांबलेल्या मित्राचे डोळे पाहा. पेल्यातल्या पाण्याप्रमाणे त्याच्या कानातला पडदा अजून भानावर आलेला नसतो.

कुत्र्याचे कोडे सुटायला आता एकच गोष्ट उरली. डोके अगदी स्थिर असतानाही दोन्ही कान गप्प नसतात. माकडांवरील प्रयोगांत प्रत्येक मज्जातंतूतून स्थिर अवस्थेतही सेकंदाला सरासरी सुमारे ९० संदेश जाताना आढळले आहेत. दोन्हीकडून सारखेच संदेश आले की मेंदू समजतो, डोके स्थिर आहे. डोके डावीकडे वळले की डाव्या कानाचे संदेश वाढतात आणि उजव्याचे घटतात. मेंदू केवळ फरक पाहतो. किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. दोन्ही पारड्यांत समान वजन असले की काटा मध्यावर.

समजा, उजव्या कानाची ही यंत्रणा एकाएकी बंद पडली. उजवे पारडे रिकामे झाले, डाव्यात मात्र ९० आहेतच. मेंदू हिशेब करतो, की आपण डावीकडे वेगाने फिरत आहोत. वास्तविक कुत्रा जागच्या जागी पडून आहे. पण मेंदूच्या हिशेबाप्रमाणे डोळे सावकाश उजवीकडे सरकतात आणि झटक्याने डावीकडे परततात. मान उजवीकडे कलते, कुत्रा उजवीकडे पडतो, उजवीकडेच चकरा मारतो. सारे जग फिरत असल्यावर उलटी होणार नाही तर काय? तो हाकेला नीट प्रतिसाद देत नाही याचे कारण अक्कल गेली हे नसून, आवाजाच्या दिशेला डोके वळवणेच त्याला अवघड झालेले असते.

म्हाताऱ्या कुत्र्यांत हा आजार बऱ्याचदा कोणत्याही सापडण्याजोग्या कारणाशिवाय येतो. पशुवैद्य त्याला व्हेस्टिब्युलर सिंड्रोम म्हणतात. पहिले एक-दोन दिवस फार वाईट जातात. साधारण तीन दिवसांत उतार दिसू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रा बहुतांशी पूर्ववत चालतो. यात मेंदूचाही मोठा वाटा आहे. तराजूची पारडी असमान असली तर दुकानदार हलक्या पारड्याला पासंग बांधतो ना, तसे मेंदू आणि विशेषतः अनुमस्तिष्क हळूहळू पासंग लावून काटा मध्यावर आणतात. हा पासंग हालचालीतून आणि डोळ्यांच्या मदतीने बसतो, म्हणून अशा कुत्र्याला अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवू नये.

कानाच्या आत जंतुसंसर्ग पोचला तरी हीच लक्षणे दिसतात. कानाला दुर्गंधी येणे, पू येणे, कान सारखा खाजवणे ही त्याची खूण. तेथे औषधाविना भागणार नाही. पण घरात पडलेले कोणतेही थेंब कानात टाकू नका. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसीनसारखी औषधे अंतर्कर्णालाच इजा करतात. गार पाण्याची पिचकारी मारणे तर दूरच. व्हिएन्नाच्या बारानी या डॉक्टरला दिसले होते, की कान धुताना पाणी गार असेल तर रोग्याची बुबुळे एका दिशेला झटके देतात आणि गरम असेल तर उलट दिशेला. नलिकेचा एक भाग गार किंवा गरम झाल्याने आतल्या द्रवात अभिसरण सुरू होते, असे त्याने स्पष्टीकरण दिले. याच संशोधनासाठी त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ती बातमी त्याला रशियातील युद्धकैद्यांच्या छावणीत समजली. गंमत अशी, की १९८३ मध्ये स्पेसलॅब-१ या अवकाश प्रयोगशाळेत वजनरहित अवस्थेतही हा परिणाम दिसला! तेथे अभिसरण होत नाही. म्हणजे बारानीचे स्पष्टीकरण बरोबर होते, पण पुरे नव्हते.

आता खऱ्या झटक्याविषयी. मेंदूला जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, तेव्हा त्या भागातील पेशी मिनिटामिनिटाने मरू लागतात. अरुंद नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हे तुम्ही पुढे महाविद्यालयात शिकाल. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा न होता एक-षोडशांश उरतो. माणसांत रक्तवाहिन्यांच्या आत मेदाचे थर बसून हे घडते. कुत्र्यांत असे थर क्वचितच बसतात, म्हणून त्यांच्यात झटका माणसापेक्षा कमी दिसतो. पण तो येत नाही असे मात्र नाही. मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब, अधिवृक्क ग्रंथींचे किंवा हृदयाचे दुखणे यांपैकी काही मागे दडलेले असू शकते.

मग कान की मेंदू, हे ओळखावे कसे? पक्के निदान एमआरआयनेच होते आणि जनावरांसाठी ती सोय आमच्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी कोठून असणार! तरीही नुसत्या डोळ्यांनी पुष्कळ कळते. कानाच्या आजारात बुबुळांचे झटके आडवे किंवा चक्राकार असतात. कुत्रा भेदरलेला असला तरी शुद्धीवर असतो, माणूस ओळखतो, आणि पायांत जोर असतो. बुबुळे वर-खाली झटके देत असतील, किंवा डोक्याची स्थिती बदलताच झटक्यांची दिशा बदलत असेल, तर संशय मेंदूचा. कुत्रा गुंगीत असेल, एका बाजूचे पाय लुळे पडले असतील, आकडी आली असेल, तर तेच. आणखी एक साधी चाचणी पशुवैद्य करतात. कुत्र्याला आधार देऊन त्याचा पंजा हलकेच उलटा, म्हणजे वरची बाजू जमिनीला लागेल असा, ठेवतात. मेंदू आणि मज्जारज्जू ठीक असतील तर तो पंजा लगेच सरळ करतो.

महिनोन्महिने हळूहळू वाढलेला गोंधळ, जसे रात्री उगाच येरझारा घालणे किंवा कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, हा वेगळा विषय. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांप्रमाणे ॲमिलॉइड नावाचे प्रथिन साचते. पण ते एका रात्रीत घडत नाही. एकाएकी बिघडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आपल्या भागात आणखी दोन शंका मनात आणाव्यात. मे महिन्यातला उष्माघात ही एक, आणि कपाशी-सोयाबीनवर फवारलेल्या औषधाची विषबाधा ही दुसरी. विषबाधेत लाळ अतोनात गळते, अंग थरथरते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. या दोन्हींत तीन दिवस वाट पाहिली तर कुत्रा हाती लागणार नाही.

आणि रेबीज. कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली असेल तर ही शक्यता फार कमी, नसेल तर ती मनातून काढू नये. आवाज बदलणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे, स्वभाव एकदम पालटणे, दिसेल त्याला चावणे ही त्याची लक्षणे. लक्षणे दिसू लागल्यावर असा कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. कोणत्याही भेलकांडणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ‘काही अडकले का’ म्हणून हात घालू नका. साधी घेरी आलेला कुत्राही भीतीने चावू शकतो. चावलाच, किंवा ओरखड्यावर लाळ लागली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. पोटात चौदा इंजेक्शने घ्यायची ती जुनी लस आता भारतात वापरात नाही. तेव्हा त्या धास्तीने घरी लपवून ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

पशुवैद्याकडे जाण्यापूर्वी एक काम तुमच्यासारख्या मुलांनी करण्याजोगे आहे. लक्षणे किती वाजता दिसली ते लिहून ठेवा आणि मोबाइलवर कुत्र्याच्या डोळ्यांचे व चालण्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण, जरा अंतर राखून, करून घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बुबुळांचे झटके कमी झालेले असू शकतात. मग डॉक्टरांना तुमच्या शब्दांवर विसंबावे लागते, आणि ‘तो कसातरीच करत होता’ यावरून निदान होत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात उलगडा झाला नाही तर परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला त्यातल्या त्यात जवळ आहे.

घरी ठेवायचे झाले तर शहाबादी फरशीवर गोणपाट अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. जिना, विहीर, रस्ता यांपासून दूर ठेवा. पाणी उथळ भांड्यात, तोंडाजवळ धरा. तो छातीवर टेकून नीट बसलेला असेल तेव्हाच पाजा, आडव्या कुत्र्याच्या घशात ओतू नका. माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतात आणि रक्तस्राव झालेला असेल तर ॲस्पिरिन तो वाढवील. दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही, किंवा प्रकृती ढासळत गेली, तर ‘कानाचेच असेल’ ही समजूत सोडून पुन्हा दवाखाना गाठावा.

बऱ्या झालेल्या काही कुत्र्यांची मान जन्मभर थोडी तिरकीच राहते. त्याने त्यांचे काही अडत नाही, मात्र अंधारात असा कुत्रा कधी कधी अडखळतो. डोळ्यांची मदत गेली की पासंग अपुरा पडतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हाच आजार पुन्हा येऊ शकतो, कधी त्याच बाजूला तर कधी दुसऱ्या. त्या वेळीही बुबुळे कोणत्या दिशेला झटके देतात, हे पहिल्यापासून पाहावे लागते.