बटण दाबल्यावर ती काय करते?

१९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘डॉन्की काँग’ हा गेम आणला. शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराला खरं तर पॉपाय या कार्टूनवर गेम करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून पॉपायच्या जागी एक सुतार आला, त्याचा वैरी ब्लूटोच्या जागी गोरिला आणि नायिका ऑलिव्हच्या जागी झग्यातली एक तरुणी. गोरिला तिला पळवून लोखंडी सांगाड्याच्या टोकाला नेतो. सुतार पिंपं चुकवत वर चढतो आणि ती वरून मदतीच्या हाका मारत राहते. सुताराचा पुढे मारियो झाला. तिचं पॉलीन हे नावही नंतरच पडलं.

हे असं का झालं, याचं एक कारण यंत्रातच होतं. तेव्हाच्या यंत्रांची स्मृती इतकी तुटपुंजी, की गोष्ट सांगायला जागाच नसे. नाणं टाकून उभ्या राहिलेल्या माणसाला काय करायचं ते एका नजरेत कळायला हवं. पळवलेली बाई आणि सोडवणारा पुरुष हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. यंत्रं सुधारली, गोष्टीला हवी तेवढी जागा झाली, तरी ही सोय मात्र सुटली नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

सिनेमात आपण पात्राकडे पाहतो. गेममध्ये काही तास आपण ते पात्र होतो. म्हणून नायिकेचे कपडे किती तोकडे, यापेक्षा मला मोठा वाटणारा प्रश्न हा, की तिला करायला काय दिलंय?

१९८५च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’मध्ये पीच राजकन्येला काहीच दिलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे स्वस्त नकली यंत्रांवर, कॅसेटवर फुंकर मारून, घरोघरी हा गेम खेळला गेला. सात किल्ले पार केले तरी राजकन्या दुसरीकडेच असल्याचं कळायचं. बहिणीही खेळायच्या, पण मारियो होऊनच. १९८८मध्ये अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या भागात पीच खेळता आली, उडी मारून हवेत तरंगू लागली. तो गेम मुळात वेगळ्याच एका जपानी गेमवर मारियोची मंडळी चढवून केलेला होता. तरंगण्याची कलाही तिथल्या एका मुलीकडून आलेली.

आणि मग २००५ साली पीचला प्रथमच स्वतःचा मोठा गेम मिळाला, ‘सुपर प्रिन्सेस पीच’. या वेळी सुटका ती करते, पळवला गेलाय मारियो. पण तिच्या शक्ती कोणत्या? आनंद, दुःख, राग आणि शांती. दुःखाचं बटण दाबलं की ती रडते आणि त्या अश्रूंनी रोपटी वाढतात. राग आला की अंगातून ज्वाळा निघतात. मारियोला बळ मिळतं मशरूम खाऊन आणि पीचला मनाच्या लहरींतून! गेम बनवणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असेल असं मला वाटत नाही. बाई म्हणजे भावना, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात कोणाला खटकण्यासारखं काही दिसलंच नसावं.

बाजार सुरुवातीपासून मुलांचाच होता, असंही नाही. १९८०चा ‘पॅक-मॅन’ तोरू इवातानी यांनी बायकांनी आणि जोडप्यांनीही गेम सेंटरमध्ये यावं म्हणून मुद्दाम बनवला होता. पण १९८३मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला आणि नंतर निन्टेन्डोने आपलं यंत्र तिथे खेळणं म्हणून विकलं. खेळण्यांच्या दुकानात मुलांचे आणि मुलींचे कप्पे वेगळे. गेम गेले मुलांच्या कप्प्यात. १९८९च्या हातात धरायच्या यंत्राचं तर नावच ‘गेम बॉय’.

लारा क्रॉफ्टच्या बाबतीत हा बाजार उघडाच दिसतो. इंग्लंडमधल्या डर्बी शहरात टोबी गार्ड यांनी घडवलेली ही नायिका १९९६मध्ये ‘टूम रेडर’मधून आली. ती धावते, कडे चढते, पोहते, दोन्ही हातांनी पिस्तुलं चालवते. तिला कोणी सोडवायला लागत नाही. जाहिरातींनी मात्र तिचं शरीर विकलं. ते न रुचल्याने गार्ड पहिल्या गेमनंतर कंपनी सोडून गेले. खेळणाऱ्याच्या हातातली लारा आणि भिंतीवरच्या पोस्टरमधली लारा अशा दोन बायका एका नावाने वावरत होत्या. मुलींनी तरीही पहिली लारा उचलली, याचं मला फार कौतुक वाटतं.

२०१३ साली अमेरिकेतल्या एका गेमकार बापाला त्याच्या चिमुरड्या लेकीने विचारलं, ‘डॉन्की काँग’मध्ये पॉलीन होऊन मारियोला सोडवता येईल का? त्याने गेमची फाईल उघडून चित्रं बदलली आणि तिला तसा गेम करून दिला. पुढे २०१७च्या ‘सुपर मारियो ओडिसी’त खुद्द निन्टेन्डोची पॉलीन शहराची महापौर झाली. त्याच गेमच्या शेवटी पीच मारियो आणि तिला पळवणारा बाउझर, दोघांनाही नकार देऊन चालायला लागते.

तिला करायला काय दिलंय, या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या पुण्यातही घडलं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी’ २०२०मध्ये आला. त्याआधी २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. स्टुडिओच्या संस्थापकांत श्रुती घोष आहेत आणि गेमची कलाबाजू त्यांनीच सांभाळली. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. म्हणजे चौकट तीच जुनी, पळवून नेण्याची. पण इथे भिंतीवरून धावायचं, खांबाला गिरकी घ्यायची, दुर्गेने दिलेला त्रिशूळ चालवायचा, हे सगळं राजीचं. या करामती तिला सर्कशीने दिल्या आहेत, तिच्या पोटापाण्याच्या कामाने, आणि म्हणून त्या खऱ्या वाटतात. गेम छोटा आहे, लढायांत थोडा तोचतोपणा आहे आणि शेवट तर फारच अचानक येतो. राजीबरोबर अजून बरंच चालायला मला आवडलं असतं.