उन्हाळा, परसबाग आणि कीटक

ऋतू बदलला की बाग बदलते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु बागेबरोबर तिच्यात राहणाऱ्या कीटकांचे जगही बदलत असते, ह्या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. उन्हाळ्यात जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसू लागतो, वांग्याची पाने निस्तेज होऊन तांबूस पडतात, टोमॅटोला फुले येतात पण फळे धरत नाहीत. आणि बागेचा धनी कीड पडली एवढेच म्हणून औषधाची बाटली शोधू लागतो. वास्तविक ह्या साऱ्या घटनांमागे ऊन, पाणी आणि वेळ यांचा एक साधा हिशेब असतो. तो हिशेब समजून घेण्यासाठी बंगळूर शहराच्या पूर्व भागातील मारतहळ्ळीसारख्या वस्तीतील एखादी परसबाग आपण डोळ्यांपुढे आणू. मारतहळ्ळी हे एके काळचे खेडे. आज तेथे उंच इमारती, रुंद रस्ते आणि सिमेंटची अंगणे आहेत. तरीही गच्चीवर, सज्ज्यात किंवा घरामागच्या चिंचोळ्या पट्ट्यात कढीपत्ता, जास्वंद, शेवगा, पपई आणि चार-दोन भाज्या लावणारी माणसे पुष्कळ आहेत.

बंगळूरचा उन्हाळा

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. त्यामुळे येथील उन्हाळा विदर्भातील उन्हाळ्याइतका प्रखर नसतो. एप्रिल हा सर्वांत उष्ण महिना. त्यात दुपारचे तापमान सरासरीने ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तथापि ही सरासरी झाली. २४ एप्रिल २०१६ रोजी शहराच्या वेधशाळेत ३९.२ अंश एवढे तापमान नोंदले गेले. शिवाय वेधशाळेचा तापमापक सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवलेला असतो. गच्चीवरील कुंडीला हे भाग्य लाभत नाही. खालून तापलेले सिमेंट, बाजूने तापलेली भिंत आणि वरून ऊन अशा तिहेरी उष्णतेत ती उभी असते.

ह्या उन्हाळ्याचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे वळवाचा पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग जमतात, वारा सुटतो आणि विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळतो. आंबे पिकण्याच्या दिवसांत येत असल्याने दक्षिणेत ह्या सरींना आंबेसरी असेही म्हणतात. मे महिन्यात येथे १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस सामान्यतः पडतो. परंतु ह्या पावसाचा भरवसा नसतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये शहरात तो जवळजवळ पडलाच नाही. त्याआधीच मार्च महिन्यात पाणीटंचाईमुळे शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बागांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती आणि नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठेवला होता. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ ५०० मीटर उंची चढवून ह्या शहरात आणावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे बागेला पाणी घालणे हा केवळ हौसेचा प्रश्न उरत नाही.

पाण्याचा हिशेब

वनस्पती आपल्या पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून सतत पाण्याची वाफ बाहेर टाकीत असते. ह्या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. तिच्यामुळे पाने थंड राहतात आणि मुळांकडून वर पाणी ओढले जाते. हवा जितकी उष्ण आणि कोरडी, तितकी ही वाफ अधिक. एक चौरस मीटर जमिनीवरून एक मिलिमीटर पाणी उडून गेले म्हणजे एक लिटर पाणी गेले. दहा चौरस मीटरांच्या वाफ्यातून उन्हाळ्यातील एका दिवसात पाच मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तर ते ५० लिटर होते. एवढे पाणी मिळाले नाही तर वनस्पती रंध्रे मिटून घेते. त्यामुळे पाणी वाचते खरे, पण हवेतील कर्बवायू आत येणे थांबते, पाने तापतात आणि वाढ खुंटते.

फळधारणेवरही उष्णतेचा परिणाम होतो. टोमॅटोचा परागकण तीव्र उन्हात निर्जीव होतो आणि फूल देठापासून गळून पडते. जी फळे धरतात ती ३० अंशांहून अधिक उष्णतेत नीट लाल होत नाहीत. कारण त्यांना लाली देणारे रंगद्रव्य त्या तापमानात पुरेसे तयार होत नाही. फळ पिवळट राहिले म्हणून खत वाढविण्याने काहीच साधत नाही. सावलीची जाळी मात्र उपयोगी पडते.

उष्णता आणि कीटकांची वाढ

माणसाच्या शरीराचे तापमान स्थिर असते. कीटकाचे तसे नसते. भोवतालची हवा तापली की त्याचे शरीरही तापते आणि त्याच्या जीवनक्रिया वेगाने होऊ लागतात. प्रत्येक कीटकाची वाढ सुरू होण्यासाठी एक किमान तापमान लागते, आणि त्याच्या वर मिळालेल्या उष्णतेची बेरीज ठराविक झाली की अंड्यापासून प्रौढ कीटक तयार होतो.

समजा, एखाद्या कीटकाची वाढ दहा अंशांच्या वर सुरू होते आणि ती पुरी होण्यास ३०० अंश-दिवस लागतात. हवा सरासरी २० अंश असेल तर त्याला रोज दहा अंश मिळतील आणि वाढीस ३० दिवस लागतील. हवा ३० अंश असेल तर रोज वीस अंश मिळतील आणि १५ दिवस पुरतील. म्हणजे नव्वद दिवसांत पहिल्या स्थितीत तीन आणि दुसऱ्या स्थितीत सहा पिढ्या होतील. प्रत्येक पिढीत संख्या पाचपट होते असे मानले, तर एका कीटकापासून पहिल्या स्थितीत १२५ आणि दुसऱ्या स्थितीत १५,६२५ कीटक निर्माण होतील. किडीने एका आठवड्यात झाड वेढले, असे जे आपल्याला वाटते त्याचे मर्म ह्या गणितात आहे.

मात्र सर्वच किडींना उन्हाळा मानवतो असे नाही. मावा हा थंड हवेत फोफावतो. तीव्र उष्णतेत त्याची संख्या घटते. याउलट लाल कोळी, फुलकिडे, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांना उष्ण, कोरडी हवा पोषक ठरते. लाल कोळी हा खरे तर कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, आणि तो आपल्या घरच्या कोळ्याचा दूरचा नातलग आहे. तो पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळे विणून रस शोषतो. तीस अंशांच्या आसपास त्याची एक पिढी साधारण आठ-दहा दिवसांत पुरी होते. पाण्याचा ताण पडलेल्या, धुळीने माखलेल्या झाडावर त्याचा उपद्रव अधिक होतो. म्हणून पानांच्या खालच्या बाजूवर साध्या पाण्याचा फवारा मारणे हाच त्यावरचा पहिला आणि स्वस्त उपाय होय.

शत्रू कोण, मित्र कोण

पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि जादा साखर गोड चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतो. हा द्रव मुंग्यांना प्रिय असतो. त्यासाठी त्या पिठ्या ढेकणाचे त्याच्या भक्षकांपासून रक्षण करतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी शेंडा पाहावा.

२००८ मध्ये कोइमतूर येथे पपईवरील एक परदेशी पिठ्या ढेकूण प्रथम आढळला. थोड्याच काळात तो कर्नाटक, महाराष्ट्र आणि इतर राज्यांत पसरला. पपईबरोबरच तुती, जास्वंद आणि इतर अनेक झाडांवर तो पडला. विषारी फवारे त्याच्या मेणचट आवरणामुळे फारसे लागू पडेनात. तेव्हा बंगळूर येथील कृषी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी आणविली. ही माशी ढेकणाच्या शरीरात अंडी घालते, आणि तिची अळी त्याला आतून खाऊन टाकते. काही महिन्यांतच ही कीड आटोक्यात आली. शत्रूचा शत्रू शोधून काढण्याच्या ह्या पद्धतीला जैविक नियंत्रण म्हणतात.

ही पद्धत आपल्या देशाला नवी नाही. क्रिप्टोलीमस नावाचा ऑस्ट्रेलियातील ढालकिडा १८९८ मध्येच कॉफीच्या मळ्यांतील किडीसाठी भारतात आणला गेला होता. आज तो पिठ्या ढेकणाचा मोठा भक्षक म्हणून ओळखला जातो. त्याच्या अळीची एक गंमत आहे. तिच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब धागे असतात, त्यामुळे ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते आणि कित्येकदा बागवानाच्या हातूनच मारली जाते. दोघांतील फरक ओळखणे अवघड नाही. ढेकूण जवळजवळ एका जागी चिकटून असतो. अळी त्याच्याहून मोठी असते आणि स्पर्श होताच चपळपणे चालू लागते.

ढालकिडे, खंडोबाचा किडा, कोळी आणि सूक्ष्म गांधीलमाश्या हे सारे बागेचे विनावेतन रखवालदार आहेत. तीव्र कीटकनाशक फवारले की किडीबरोबर हेही मरतात. कीड लवकर वाढते, तिचे भक्षक मात्र मागाहून आणि सावकाश वाढतात. त्यामुळे फवारणीनंतर काही आठवड्यांनी कीड पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागते. लाल कोळ्याच्या बाबतीत हा अनुभव विशेषत्वाने येतो.

मधमाश्यांचा विचारही येथे केला पाहिजे. सातेरी मधमाशी आपल्या पोळ्यातील पिलांच्या भागाचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास राखते. बाहेर ऊन वाढले की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यात त्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. उन्हाळ्यात गळक्या नळाभोवती माश्या घोटाळताना दिसतात त्या ह्याच कामासाठी. उथळ बशीत खडे घालून थोडे पाणी ठेवले तर त्यांना बुडण्याची भीती न राहता ते घेता येते.

साठविलेले पाणी आणि डास

पाणीटंचाई आली की प्रत्येक घरात पिंपे आणि बादल्या भरून ठेवल्या जातात. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशा स्वच्छ, साठविलेल्या पाण्यातच वाढतो. त्याची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटविते. ही अंडी कोरड्या स्थितीत कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच उबतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. आठवड्यातून एकदा त्याची आतली बाजू घासली पाहिजे आणि तोंड कापडाने किंवा झाकणाने घट्ट बंद केले पाहिजे. कुंडीखालची ताटली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून घडवंचीच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या यांनाही हाच नियम लागू आहे. मधमाश्यांची बशीही रोज ओतून, घासून पुन्हा भरावी. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटक शासनाने डेंग्यूला साथीचा रोग म्हणून घोषित केले होते. पाणी वाचविण्याच्या सद्‌हेतूने भरलेले पिंप घरातील मुलाच्या आजाराचे कारण होऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावयास हवी.

पहिल्या सरीनंतर

वळवाचा पहिला पाऊस पडला की बागेचे चित्र एका रात्रीत पालटते. वारुळांतून पंख असलेली वाळवी हजारोंनी बाहेर पडते आणि दिव्यांभोवती झेपावते. ही घरावर आलेली धाड नसून वाळवीचा विवाहोत्सव असतो. त्यातील बहुसंख्य पक्षी, पाली आणि बेडूक यांच्या पोटात जातात. घरातील दिवे तासभर मालविले तर उपद्रव टळतो. ह्याच सुमारास हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, आणि कोरड्या दिवसांत कवचाचे तोंड बंद करून निपचित पडलेल्या मोठ्या आफ्रिकी गोगलगाईही जाग्या होतात. ही गोगलगाय १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. तिला उघड्या हातांनी स्पर्श करू नये. ओल्या गोणपाटाखाली रात्री जमलेल्या गोगलगाई सकाळी हातमोजे घालून गोळा करणे, हाच सर्वांत बरा मार्ग होय.

बागवानाने काय करावे

वरील विवेचनावरून काही गोष्टी सहज निष्पन्न होतात. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, आणि थेट मुळाशी घालावे. मातीवर वाळलेल्या पाल्याचे किंवा नारळाच्या सोडणांचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन पुष्कळ कमी होते. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी बागेस निःशंकपणे द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र क्षारयुक्त असते. कूपनलिकेच्या पाण्यात आधीच क्षार असतील तर ते अधिकच दाट होतात. ते नुसते घालीत राहिल्यास कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि मुळे जळतात. म्हणून ते साध्या पाण्यात मिसळून, आणि अधूनमधूनच वापरावे.

कीड दिसली की प्रथम हाताने काढावी, शेंडा छाटावा, पाण्याने धुवावे. एवढ्याने भागले नाही तर बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या साबणासारखा सौम्य उपाय करावा. तोही ऊन उतरल्यावर. कारण दुपारी फवारलेला साबण पाने भाजतो आणि फुलांवर आलेल्या मधमाश्यांना अपाय करतो.

उन्हाळ्यात बाग हिरवीगार राहावी हा हट्ट धरण्यापेक्षा ती जिवंत राहावी एवढीच अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे आहे. ज्या शहरात बादलीभर पाण्यालाही किंमत आहे, तेथे चार कुंड्या कमी ठेवून उरलेल्यांची नीट निगा राखणे हे बागवानीच्या शास्त्राला धरूनच आहे.