नेपाळच्या यात्रेस आगगाडीनें जावें कीं विमानानें?

पूर्वीं लांबच्या यात्रेस निघणारा मनुष्य देवापुढें नारळ ठेवून, वडीलधाऱ्यांच्या पायां पडून घराबाहेर पडत असे. जावयाचें कशानें हा प्रश्न त्याच्यापुढें नसेच. वाट एकच होती. आतां वाटा दोन झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग घरोघर वादहि आला. नेपाळच्या यात्रेची गोष्ट निघाली, कीं मुलगा म्हणतो, "विमानानें जा, बाबा, तीन तासांचें काम." वडील म्हणतात, "गाडी बरी. पाय पसरून निजतां येतें, देश पाहतां येतो." दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे. पण श्रोतेहो, मला वाटतें हा वाद बहुधा प्रवासाच्या चुकीच्या टोकाकडून घातला जातो. कसा तें सांगतों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें, कीं सरहद्दीपलीकडे जाण्यासाठीं आगगाडी कीं विमान असा प्रश्न विचारण्याची सोयच आपणांस आतां फारशी उरलेली नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, तेव्हां कराची आणि मुंबई हीं एकाच इलाख्यांतील शहरें होतीं. मध्यें सरहद्द आली ती १९४७ सालीं. पुढें जुलै १९७६ पासून समझौता एक्सप्रेस आणि फेब्रुवारी २००६ पासून मुनाबाव-खोखरापारमार्गें थर एक्सप्रेस धांवूं लागली. दोन्ही गाड्या ऑगस्ट २०१९ मध्यें बंद पडल्या. कोलकात्याहून ढाक्यास जाणारी मैत्री एक्सप्रेस एप्रिल २००८ मध्यें सुरू झाली, ती जुलै २०२४ मध्यें थांबली. श्रीलंकेच्या वाटेवर समुद्र आडवा. राहतां राहिलीं नेपाळ आणि भूतान. आणि मराठी यात्रेकरूंची रीघ आहे ती नेपाळकडे. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, जनकपूर, लुंबिनी हीं नांवें आपल्या घरांतून आजी-आजोबांच्या तोंडीं असतात. तेथें जावयास भारतीयास व्हिसा लागत नाहीं, आणि सरहद्द चालत ओलांडतां येते.

आतां आगगाडीची वाट पाहूं. माझें राहणें काळाचौकीस असल्यामुळें तेथूनच निघतों. कॉटन ग्रीन स्टेशनावर हार्बरची गाडी धरली, कीं शिवडी, वडाळा, गुरु तेगबहादुर नगर, चुनाभट्टी, कुर्ला आणि मग टिळकनगर. तेथून लोकमान्य टिळक टर्मिनस अगदीं जवळ. गोरखपूरची कुशीनगर एक्सप्रेस तेथूनच सुटते, आणि भुसावळ, भोपाळ, झांशी, कानपूर, लखनौ, गोंडा असा सुमारें सतराशें किलोमीटरांचा पल्ला तीस-बत्तीस तासांत उरकते. हा वेळापत्रकाचा हिशेब झाला. पौष-माघांतील धुकें त्यांत आणखी किती तासांची भर घालील याचा नेम नाहीं. गोरखपूरचा फलाट १,३६६ मीटर लांब आहे. २०२३ मध्यें हुबळीचा १,५०७ मीटरांचा फलाट होईपर्यंत तो जगांत सर्वांत लांब गणला जाई. सांगण्यास ही गोष्ट गमतीची, पण हातांत दोन पिशव्या आणि गुडघ्यांत वात असलेल्या मनुष्यास डबा कोठें थांबतो याची चौकशी आधीं केलेली बरी.

गोरखपूरला उतरलों म्हणजे नेपाळांत पोंचलों असें नव्हे. तेथून सोनौलीची सरहद्द सुमारें शंभर किलोमीटर. मोटारीनें अडीच-तीन तास. नौतनवापर्यंत आगगाडीचा फांटा आहे, परंतु तेथून पुढें पुन्हां वाहन पाहावें लागतें. सोनौलीची कमान ओलांडली कीं पलीकडे चार किलोमीटरांवर भैरहवा. तेथून काठमांडू अडीचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि त्यांतील पुढचा बराच भाग डोंगराच्या कुशींतून, नदीच्या कांठानें गेलेला आहे. म्हणजे काळाचौकीपासून काठमांडूपर्यंत निदान चार वेळां वाहन बदलावयाचें. यांना मी प्रवासाचे सांधे म्हणतों. म्हातारपणीं मनुष्य पल्ल्यानें थकत नाहीं तितका या सांध्यांनीं थकतो: सामान उतरवा, मोजा, घासाघीस करा, पुन्हां चढवा.

विमानाचे सांधे थोडे. सहारच्या विमानतळावर तीन तास आधीं जावें लागतें. थेट विमान मिळाल्यास पुढें पावणेतीन-तीन तासांत काठमांडू. दिल्लीस विमान बदलावें लागलें तर मात्र दिवस गेलाच असें समजावें. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर धांवपट्टी एकच आहे. गर्दी झाली कीं विमानें आकाशांत घिरट्या घालीत राहतात. मार्च २०१५ मध्यें एक परदेशी विमान त्या पट्टीवरून घसरून रुतलें, तर चार दिवस आंतरराष्ट्रीय वाहतूक बंद होती. प्रकृतीविषयीं एक समज ऐकूं येतो, कीं काठमांडू उंचावर, म्हणून हृदयविकाराच्या मनुष्यानें विमानानें झटकन् जाऊन झटकन् यावें. काठमांडूची उंची आहे सुमारें १,४०० मीटर. उडत्या विमानाच्या आंत हवेचा दाब ठेवतात तो १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील हवेइतका. म्हणजे ज्या उंचीला भ्यावयाचें, तिच्याहून अधिक उंचीच्या हवेंत तो मनुष्य वाटेंतच बसलेला असतो. निरोग्यास यानें कांहीं होत नाहीं. पण ज्याला डॉक्टरांनीं सांभाळून राहावयास सांगितलें आहे, त्यानें काठमांडूविषयीं विचारतांना विमानाविषयींहि विचारावें.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, सांधे थोडे, तर विमान बरें. येथेंच माझें म्हणणें निराळें आहे. मुंबई ते गोरखपूर आगगाडीनें जा, कीं मुंबई ते काठमांडू मोठ्या विमानानें जा, हा मधला लांब पल्ला दोहोंपैकीं कशानेंहि सुखरूप पार पडतो. जीवाची काळजी करावयाची ती नेपाळांत पाऊल ठेवल्यानंतरच्या शेवटच्या शंभर-दोनशें किलोमीटरांची. १२ जुलै २०२४ रोजीं नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदींत वाहून गेल्या. पुढच्याच महिन्यांत, २३ ऑगस्टला, आपल्या जळगांव जिल्ह्यांतील यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूस जातांना तनहूँ जिल्ह्यांत मर्स्यांगदी नदीच्या पात्रांत कोसळली आणि पंचविसांहून अधिक माणसें गेलीं. वरणगांव-भुसावळकडील घरांचीं घरें त्या दिवशीं उजाड झालीं. आकाशांतून जाणाऱ्यांनींहि निश्चिंत राहूं नये. पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलें लहान विमान २९ मे २०२२ रोजीं डोंगरावर आदळून आंतील बावीसच्या बावीस माणसें दगावलीं. १५ जानेवारी २०२३ रोजीं पोखऱ्याजवळ दुसरें विमान पडलें, त्यांत बहात्तर गेलीं. युरोपीय संघानें डिसेंबर २०१३ मध्यें नेपाळी विमान कंपन्यांस आपल्या हद्दींत येण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे.

तेव्हां प्रवासाचा विचार मुंबईच्या टोकाकडून न करतां पलीकडच्या टोकाकडून करावा. आपणांस नेमकें कोठें जावयाचें, तेथील शेवटचा टप्पा कसा आणि कोणत्या महिन्यांत, हें आधीं ठरवावें. मग गाडी कीं विमान याचें उत्तर बहुधा आपोआप मिळतें.

लुंबिनीचेंच पाहा. सोनौलीपासून लुंबिनी पंचवीस-तीस किलोमीटर, आणि सारा सपाट तराईचा मुलूख. ज्याला केवळ बुद्धाचें जन्मस्थान पाहावयाचें आहे त्यानें काठमांडूस उडून जाऊन पुन्हां डोंगर उतरून खालीं येणें म्हणजे दादरहून परळला जाण्यासाठीं ठाण्याचा वळसा घेणें होय. त्याला गोरखपूरची गाडीच योग्य. भैरहव्यास १६ मे २०२२ पासून गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आहे खरा, परंतु मुंबईकराला गोरखपूरची वाटच सोयीची.

जनकपूरची गोष्ट तर आणखी गोड. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पवन एक्सप्रेस दीड दिवसाहून अधिक प्रवास करून बिहारांतील जयनगरला जाते. आणि जयनगरहून जनकपूरला चक्क आगगाडीनें सरहद्द ओलांडतां येते. या मार्गावर १९३७ पासून अरुंद रुळांची छोटी गाडी होती. ती २०१४ सालीं बंद झाली, मार्ग रुंद करण्यांत आला, आणि २ एप्रिल २०२२ रोजीं पुन्हां गाडी सुरू झाली. सीतामाईच्या माहेरीं रुळांवरून जावें असें ज्यास वाटतें त्याला ही सोय आहे, आणि वाटेंत डोंगर एकहि नाहीं.

केवळ पशुपतिनाथाचें दर्शन घेऊन परतावयाचें, दिवस चार-पांचच हातीं आहेत, तर विमान. पावसाळ्यांत जाणें भागच असेल तरीहि विमान, कारण त्या दिवसांत मुग्लिंगच्या रस्त्यानें जाणें टाळतां येईल तितकें टाळावें. मुक्तिनाथ मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. तें पावणेचार हजार मीटरांच्या आसपास उंच. तेथें जावयाचें तर पोखरा, जोमसोम असें टप्प्यानें चढावें, मध्यें मुक्काम करावेत. मुंबईहून कशानें निघालांत याला तेथें फारसें महत्त्व नाहीं.

आमच्या शेजारच्या इमारतींत एक निवृत्त गृहस्थ आहेत. वय सदुसष्ट, त्यांच्या पत्नी बासष्ट वर्षांच्या. दोघांना लुंबिनी आणि पशुपतिनाथ करावयाचें आहे. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून मुलीच्या लग्नानंतर जें उरलें, त्यांतून ही एकच यात्रा व्हावयाची. पुन्हां होईल अशी आशा त्यांनाहि नाहीं. चिरंजीवांनीं विमानाचा आग्रह धरलेला. मास्तर, तुम्हीच सांगा, म्हणून ते माझ्याकडे आले. मीं त्यांना जातांना गाडी आणि येतांना विमान असें सुचविलें. गोरखपूरला रात्रभर विश्रांति, सकाळीं सोनौली, लुंबिनींत एक मुक्काम, मग दिवसा, रात्रीं कदापि नव्हे, खासगी मोटारीनें काठमांडू. आणि पाय थकलेले असतांना परतीचे सांधे टाळण्यासाठीं तेथून थेट मुंबईचें विमान. महिना नोव्हेंबर. पाऊस संपलेला, धुकें अजून दाटावयाचें असतें.

पण तिकिटें काढण्यापूर्वीं कागदपत्रें पाहिलीं, तेव्हां पेंच निघाला. दोघांजवळ आधार कार्ड होतें. पारपत्र कोणाजवळच नाहीं. नेपाळास जाणाऱ्या भारतीयाजवळ पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचें ओळखपत्र असावें लागतें. पासष्ट वर्षांवरील आणि पंधरा वर्षांखालील मनुष्यास आधार कार्ड चालतें. मधल्या वयाच्यांस चालत नाहीं. म्हणजे काठमांडूच्या विमानतळावर यजमानांना आंत सोडलें असतें आणि बाईंना खिडकीशीं थांबविलें असतें! सोनौलीस पायीं जाणाऱ्याकडे कागद फारसे कोणी मागत नाहीं, त्यामुळें ही उणीव जातांना ध्यानींहि आली नसती. बाईंचें मतदार ओळखपत्र माहेरच्या नांवाचें होतें. तें दुरुस्तीस दिलें आहे, आणि तें हातीं आल्यावांचून विमानाचें तिकीट काढूं नका असें मीं बजावलें आहे. नातवंडें बरोबर नेणारांसाठीं, शाळामास्तर या नात्यानें, एक सांगतों: पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास ठराविक नमुन्यांतील मुख्याध्यापकांचा दाखला चालतो. तो सुट्टी लागण्यापूर्वीं घ्यावा. सुट्टींत शाळेंत शिपायावांचून कोणी भेटत नाहीं.

खर्चाविषयीं थोडक्यांत. ज्येष्ठांना आगगाडीच्या भाड्यांत जी सूट मिळे ती मार्च २०२० मध्यें काढून घेण्यांत आली, त्यामुळें वातानुकूलित डब्याचें भाडें, गोरखपूरचा मुक्काम आणि पुढच्या मोटारी यांची बेरीज केली असतां विमानाशीं अंतर वाटतें तितकें राहत नाहीं. साध्या शयनयान डब्यानें जाणाऱ्यास मात्र गाडी निःसंशय स्वस्त. आरक्षण साठ दिवस आधीं उघडतें. पूर्वींचे एकशें वीस दिवस १ नोव्हेंबर २०२४ पासून गेले.

आणि दुसऱ्या वाटेची माहिती टिपून बरोबर ठेवावी. सप्टेंबर २०२५ मध्यें काठमांडूंत दंगे उसळले, विमानतळ बंद झाला, आणि कित्येक भारतीय हॉटेलांतून अडकून पडले. उलट २०१५ च्या शेवटीं रस्त्यावरील सरहद्दीचीं नाकीं महिनोन् महिने अडलीं होतीं, तेव्हां विमानें चालू होतीं. म्हणून विमानानें जाणाऱ्यानेंहि सोनौली-गोरखपूरची वाट कागदावर लिहून घ्यावी, आणि गाडीनें जाणाऱ्यानें परतीच्या विमानाइतके पैसे निराळे बांधून ठेवावेत. सोनौलीची कमान ओलांडली कीं घड्याळ पंधरा मिनिटें पुढें करावयाचें असतें. पलीकडच्या बसगाड्या नेपाळी वेळेनें सुटतात.