फिल्मचा वेग आणि सावलीतला तपशील

फिल्मच्या डबीवरील आयएसओ हा आकडा तिची प्रकाशसंवेदनशीलता, म्हणजेच वेग, दर्शवितो. तो दुप्पट झाला की निम्मा प्रकाश पुरतो, आणि या दुपटी-निमपटीच्या एका पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात.

निरभ्र उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवून शटर सेकंदाच्या आयएसओच्या आकड्याइतक्या भागापुरते उघडावे, हा जुना नियम आजही भरवशाचा आहे. त्यानुसार ४०० च्या फिल्मला सेकंदाचा सुमारे ५०० वा भाग पुरतो, तर हलक्या ढगाळ हवेत छिद्र एफ ११ पर्यंत उघडावे लागते.

मात्र आयएसओचा हा आकडा अढळ नाही. १९६० मध्ये अमेरिकी मानकातून कृष्णधवल निगेटिव्हसाठी राखलेली जादा प्रकाशाची तरतूद घटविण्यात आली आणि कोडॅकची ट्राय-एक्स २०० ऐवजी ४०० ची ठरली.

अनेक छायाचित्रकार आजही तिला २०० ची समजून प्रकाश देतात व डेव्हलपिंगचा वेळ थोडा कमी करतात, आणि ते योग्यच आहे. कारण सावलीत न नोंदलेला तपशील नंतर कोणत्याही रसायनाने आणता येत नाही, उलट जादा प्रकाश निगेटिव्ह बराच सोसते. स्लाइड फिल्मला ही मोकळीक नसल्याने तिथे उजळ भागांना धरूनच प्रकाश ठरवावा.