तार खोटी की कान खोटा?

पावसाळा संपत आला होता. एका संध्याकाळी आमच्या आळीतील नववीतला एक मुलगा गिटार घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ही कोणाला हवी असली तर सांगा. विकून टाकणार आहे. मला सुराचा कानच नाही."

वर्षभर तो एकटाच, पुस्तकावरून, बोटांनी गिटार छेडायला शिकत होता. मोबाइलवरचे सूर तपासण्याचे साधन त्याच्या सहाही मोकळ्या तारा बरोबर लागल्याचे दाखवी. पण डाव्या हाताने कॉर्ड धरली, की सारे बेसूर वाजे. तारा बरोबर, पुस्तक बरोबर, तेव्हा चूक आपल्या कानाची, असा त्याचा हिशेब होता. मीही घाईने सांगून टाकले, "अरे, सराव कर, जमेल." तो गेल्यावर माझी मलाच लाज वाटली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने काहीही न तपासता निकाल दिला होता! दुसऱ्या दिवशी मी त्याला गिटार आणि फूटपट्टी घेऊन बोलावले. त्या दिवशी आम्ही काय केले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. जवळ गिटार असेल तर वाचता वाचता करून पाहा.

तारेचे तीन नियम

ताणलेली तार सेकंदाला किती वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता किती, हे तीन गोष्टींवर ठरते. तारेची लांबी निम्मी केली, तर वारंवारता दुप्पट होते. ताण चौपट केला, तर वारंवारता दुप्पट होते. आणि तारेच्या दर सेंटिमीटरचे वस्तुमान चौपट केले, तर ती निम्मी होते. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन याने हे नियम १६३६ साली आपल्या ग्रंथात मांडले.

गिटारच्या सहाही तारांची लांबी सारखीच, सुमारे ६५ सेंटिमीटर असते. सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० कंपने करते. सर्वांत जाड, सहावी तार सुमारे ८२. पहिली तार सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची पोलादी असली, तर तिच्यावर साडेदहा किलोग्रॅम वजन टांगल्याइतका ताण असतो. सहावी तारही साधारण तेवढ्याच ताणावर ठेवायची, तर चौपट खालच्या सुरासाठी तिचे वस्तुमान सोळापट हवे. नुसते पोलाद तेवढे जाड केले, तर ती तार राहणार नाही, सळईच होईल. म्हणून बारीक पोलादी गाभ्यावर काशासारख्या मिश्रधातूची तार गुंडाळतात. या वेटोळ्यांमधील फटी लक्षात ठेवा; पुढे त्यांचे काम आहे.

नुसती तार हवेला फारशी हलवू शकत नाही. तिचा कंप घोडीतून लाकडी पोटाला मिळतो आणि पोटाचा मोठा पृष्ठभाग हवा हलवतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली भगत घांगळी वाजवतात. बांबूच्या दांडीवर तारा आणि खाली पोकळ भोपळे! गिटारचे पोट जे काम करते, तेच तिथे भोपळे करतात.

एका तारेत दडलेला मेळ

तार छेडली, की ती एकाच तऱ्हेने हलत नाही. ती संपूर्ण हलते, त्याच वेळी दोन भागांत हलते, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही हलते. म्हणून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे स्वरही निघतात. यांना संनादी म्हणतात. मूळ स्वराला सा मानले, तर दुसरा संनादी वरचा सा, तिसरा प, चौथा पुन्हा सा, पाचवा ग आणि सहावा प. सा, ग आणि प! गिटारवर ज्याला मेजर कॉर्ड म्हणतात, ती याच तीन स्वरांची. चौथा, पाचवा आणि सहावा संनादी यांचे ४ : ५ : ६ हे साधे गुणोत्तर म्हणजेच तो मेळ. मिरजेचा तंबोरा नीट जुळवून छेडला, की कोणी न लावलेला गंधार कानावर येतो तो यामुळेच. माझ्या या विद्यार्थ्याच्या घरी आजोबांच्या भजनाला असा तंबोरा असे. ही गोष्ट मी त्या वेळी नुसती ऐकून घेतली.

पहिली परीक्षा : बारावा पडदा

आता फूटपट्टी घ्या. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ३२.५ सेंटिमीटरवर असतो. त्या पडद्याच्या अगदी वर तारेला बोट नुसते टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा स्वच्छ स्वर येईल. तुम्ही तारेच्या मध्याला हलू दिले नाही, तो निस्पंद बिंदू केलात. म्हणून मूळ स्वर गेला आणि दुसरा संनादी उरला. आता त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. हाही निम्म्या तारेचा, म्हणजे दुप्पट वारंवारतेचाच स्वर. दोन्ही एकच आले पाहिजेत.

आमच्या मुलाच्या गिटारवर ते एक आले नाहीत. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेवर दाबलेला स्वर स्पष्टपणे चढा होता. मी त्याला फरक विचारला, तर त्याने क्षणात सांगितला.

असे का व्हावे? आमची चिंचणी समुद्राकाठची. सुरूच्या बागेतून येणारा वारा क्षार आणि ओल घेऊन येतो. त्यात डाव्या हाताचा घाम. गुंडाळलेल्या तारेच्या फटींत मळ आणि गंज साठतो, आणि तो साहजिकच डावा हात जिथे फिरतो त्या अर्ध्या भागात जास्त साठतो. तारेचा तो अर्धा जड झाला, घोडीकडचा अर्धा हलका राहिला. बाराव्या पडद्यावर दाबले, की हलका अर्धाच वाजतो, म्हणून स्वर चढतो. मोकळी तार मात्र खुंटी पिळून हव्या त्या सुराला आणता येते. मोबाइलला ती बरोबरच दिसणार! शिवाय मळकी तार वरचे संनादी लवकर गिळून टाकते, त्यामुळे आवाज मेल्यासारखा येतो.

दुसरे कारण लाकडाचे. पावसाळी हवेत लाकूड फुगते, पोट थोडे वर येते आणि तारा पडद्यांपासून उंच होतात. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते. ताण वाढला, की वारंवारता वाढणारच.

तारा नव्या घातल्या. बहुतेक फरक गेला. तेव्हापासून वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार पुसायची, हा त्याचा नेम झाला.

बोटे काय करतात?

नखीने सपासप वाजवण्यापेक्षा बोटांनी छेडण्यात एक मोठा लाभ आहे. प्रत्येक तारेला वेगळा जोर आणि वेगळा रंग देता येतो. म्हणून एकच माणूस खालचा खर्ज आणि वरची चाल एकदम वाजवू शकतो. प्रघात असा : अंगठ्याकडे सहावी, पाचवी, चौथी तार, तर्जनीकडे तिसरी, मधल्या बोटाकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली.

सी मेजर कॉर्ड धरा. डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, मधले बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यात. तिसरी आणि पहिली तार मोकळी. सहावी वाजवायची नाही. पाचव्या तारेपासून क्रमाने सा, ग, प, सा, ग असे स्वर मिळतात. आता उजव्या हाताने सारख्या अंतराने छेडा : अंगठा पाचवीवर, तर्जनी तिसरीवर, अंगठा चौथीवर, मधले बोट दुसरीवर. हे न अडखळता जमले, की कॉर्ड न सोडता चाल आणा. दुसऱ्या तारेवर सा आहेच. करंगळी त्याच तारेवर तिसऱ्या पडद्यात ठेवली, की रे. पहिली तार मोकळी म्हणजे ग. तिच्या तिसऱ्या पडद्यात करंगळी म्हणजे प. भूपाच्या पाच स्वरांपैकी चार हाताशी आले! अंगठा थांबू द्यायचा नाही, एवढेच पथ्य.

ताल सांभाळायला घरचा लंबक करा. दोऱ्याला दगड बांधून टांगणीपासून दगडाच्या मध्यापर्यंत ९९.४ सेंटिमीटर ठेवा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला तो एक सेकंद घेतो. प्रत्येक टोकाला एकच तार छेडा. आठवड्याने लांबी २५ सेंटिमीटर करा. वेग दुप्पट होईल.

तार कुठे छेडावी, हेही महत्त्वाचे. ज्या बिंदूवर छेडाल, तिथे निस्पंद असणारे संनादी निघत नाहीत, हा टॉमस यंग याचा १८०० सालचा शोध. बरोबर मध्यावर छेडलीत, तर दुसरा, चौथा, सहावा संनादी गळतो आणि आवाज पोकळ येतो. घोडीजवळ छेडलीत, तर वरचे संनादी जोर करतात आणि आवाज धारदार होतो. बोटाचे मांस रुंद आणि मऊ, म्हणून आवाज गोल. नख टोकदार, म्हणून तो चमकदार. तंबोरा मात्र या नियमाला चकवतो. घोडीवरच्या जवारीच्या दोऱ्यामुळे त्यात गळायला हवे ते संनादीही जोरात वाजतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले.

चार मिलिमीटरचा गंधार

महिन्याने मुलगा पुन्हा आला. हात सुरेख चालत होता. पण म्हणाला, "सर, सा आणि प गोड लागतात. ग अजून टोचतो. म्हणजे माझा कान..."

मी त्याला थांबवले आणि पुन्हा फूटपट्टी काढली. तंबोऱ्यातला शुद्ध ग सा च्या १.२५ पट असतो. त्यासाठी ६५ सेंटिमीटरच्या तारेचा पाचवा भाग, म्हणजे १३ सेंटिमीटर अंतर खुंट्यांकडून सोडायला हवे. गिटारचे पडदे मात्र कोणत्याही स्वराला सा मानून वाजवता यावे, म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. दर पडद्याला वारंवारता १.०५९५ पट होते. चार पडद्यांनी ती १.२६ पट होते. चौथा पडदा १३.४ सेंटिमीटरवर येतो. चार मिलिमीटर पुढे! सोनाराच्या दागिन्यांचे डाय कोरणाऱ्या आमच्या गावच्या कारागिराला विचारा, चार मिलिमीटर म्हणजे केवढी चूक! सातव्या पडद्यावरचा प मात्र अर्धा मिलिमीटरच सरकलेला असतो, म्हणून तो टोचत नाही.

हे कानाने पडताळता येते. पाचवी तार सेकंदाला ११० कंपनांची. तिच्या चौथ्या पडद्यापासून चार मिलिमीटर खुंट्यांच्या बाजूला बोट नुसते टेकवून छेडा. पाचवा संनादी, म्हणजे ५५० कंपनांचा शुद्ध ग निघेल. तो वाजत असतानाच पहिली तार नवव्या पडद्यावर दाबून छेडा. तीही ग च आहे, पण सुमारे ५५४ कंपनांची. दोन्ही मिळून आवाज सेकंदाला सुमारे चार वेळा लहानमोठा होताना ऐकू येईल. यांना विस्पंद म्हणतात. दोन तारा जुळवतानाही हेच ऐकायचे असते. विस्पंद मंदावत मंदावत थांबले, की तारा जुळल्या.

मुलाने डोळे मिटून ते चार हेलकावे मोजले. आजोबांच्या तंबोऱ्यावर वाढलेला त्याचा कान शेकडा एकाहूनही कमी फरक पकडत होता. ज्याला आपल्याला कान नाही असे वाटत होते, त्याचा कान त्याच्या गिटारहून खरा होता. पडद्यांची ही तडजोड साऱ्या जगातील गिटारवादकांनी स्वीकारली आहे, तीही जाणूनबुजून. ती कळली, की मन स्वस्थ होते.

मित्रांनो, गिटार असो वा गणित, "मला येतच नाही" असे म्हणण्यापूर्वी एकदा फूटपट्टी काढा. तार तपासा, पडदा मोजा, मग स्वतःला दोष द्या. ती गिटार विकली गेली नाही, हे सांगायला नकोच.