माळव्याचा उन्हाळा आणि मोटारीचे पीयू बुश

मोटारीचे चाक धरणारा लोअर आर्म चासीला जिथे जोडलेला असतो, तिथे लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये बुश बसवतात. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत हा बुश सहसा रबराचा असतो: बाहेर पोलादी नळी, आत पोलादी नळी आणि दोन्हींना पक्के चिकटवलेले रबर. गॅरेजात याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. चाक खड्ड्यात उतरले की आर्म फिरतो, रबराला पीळ बसतो. चाक वर आले की पीळ सुटतो. कुठेच काही घसरत नाही, म्हणून आवाज नाही आणि ग्रीसही लागत नाही. ब्रेक मारताना मात्र हाच मऊपणा नडतो. चाक मागे ओढले जाते, रबर दबते, आर्म थोडासा सरकतो आणि चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो. चालक त्याला ‘स्टिअरिंग सैल झाले’ म्हणतो.

पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा बुश या जागी येतो तो कडकपणासाठी. जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या या रसायनाच्या साखळीत कडक आणि मऊ तुकडे आलटून पालटून येतात. कडक तुकडे एकमेकांना धरून ठेवतात, मऊ तुकडे ताणले जातात. रबरी बुशची कठीणता शोअर ए मापावर साधारण ५० ते ७० असते, तर पीयूची ७० ते ९५. पीयू नळीला चिकटवलेला नसतो. आतली नळी त्यात फिरते, म्हणून ग्रीस हवेच.

माळव्यात, देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्याच्या परिसरात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. अशा उन्हात पीयू मऊ पडून गाडी डळमळते, असा समज आहे. त्यात तथ्य थोडेच. बुश गाडीच्या पोटाखाली सावलीत असतो. रस्त्याची धग धरली तरी तो पन्नास-साठ अंशांच्या आसपास राहतो. चांगल्या प्रतीचे पीयू सतत ८० अंशांपर्यंत आणि थोडा वेळ त्याहून जास्त तापमानातही काम करते. थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत त्याची कठीणता शोअर मापावर काही अंकांनी उतरते. चालकाच्या हाताला एवढा फरक जाणवणे कठीणच.

मग उन्हाळ्यात गाडी वेगळी का वाटते? आधी टायर पाहावेत. तापमान दहा अंशांनी वाढले की हवेचा दाब एक ते दीड पीएसआय चढतो. सकाळी बरोबर भरलेली हवा दुपारी जास्त होते, टायर कडक होऊन रस्त्यावरची त्याची पकड बदलते. दुसरा शॉक अॅब्सॉर्बर: त्यातले तेल तापून पातळ होते आणि झोका आवरायला उशीर लागतो. ‘बुश गेला’ म्हणून आलेल्या गाडीची हवा आधी तपासणारा मेकॅनिक मालकाचे पैसे वाचवतो.

उष्णता पीयूला खरोखर गाठते ती दोन ठिकाणी. पहिले म्हणजे सायलेन्सरच्या पाइपाजवळचा बुश. तिथे हवामानाचा नव्हे, इंजिनाचा ताप असतो. दुसरे ठिकाण बुशच्या पोटातच आहे. पीयू दबून उसळताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन आत राहते, आणि पीयूतून उष्णता पोलादाच्या मानाने फारच सावकाश वाहते. कांदा-लसूण भरलेला पिकअप खडबडीत रस्त्याने भरधाव नेला, तर बुशचा गाभा बाहेरच्या भागापेक्षा जास्त तापतो. गोदामातल्या फोर्कलिफ्टची पीयूची चाके जास्त ओझ्याने आणि वेगाने कधी कधी आतूनच वितळतात, तेही याच कारणाने. कारच्या लोअर आर्मवर इतकी पाळी येत नाही. लादलेल्या वाहनाच्या कमानीपाट्यांच्या बुशना धोका जास्त.

उन्हाळ्यात खरे नुकसान होते ते ग्रीसचे. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्यात मुरवलेले तेल. उष्णतेने तेल पाझरून निघते, मागे कोरडा लगदा राहतो आणि त्यात माळव्याची काळ्या मातीची धूळ मिसळते. असा बुश उघडला की आतल्या नळीवर काळपट लेप आणि त्याखाली घासून चकाकणारी कडी दिसते. तिथे धूळ पॉलिश पेपरासारखी काम करत असते. वळताना किंवा गतिरोधकावरून उतरताना येणारी करकर हे त्याचेच लक्षण. म्हणून पाण्याला दाद न देणारे सिलिकॉन ग्रीस वापरायचे आणि बसवण्याआधी नळी पुसून स्वच्छ करायची. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस इथे भरणे म्हणजे पुढच्या मेपर्यंत करकर बोलावून घेणे.

आणखी एक अडचण पावसाळ्यात उभी राहते. पीयू मुख्यतः दोन जातींचे: पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. पॉलिएस्टर जातीवर तेलाचा परिणाम कमी होतो, पण ओलावा आणि उष्णता एकत्र आल्या की तिचे बंध तुटू लागतात. कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या बुटाचा तळ एक दिवस भुगा होऊन पडतो, तसेच हे. पॉलिइथर पाण्यात टिकते. दुकानात विचारायचा प्रश्न रंगाचा नसून जातीचा असतो. लाल, पिवळा, काळा रंग हे गुणवत्तेचे माप नव्हे.

हँडलिंगच्या बाबतीत पीयूचा फायदा ब्रेक आणि वळण या दोन्ही वेळी दिसतो, पण त्याला मर्यादा आहेत. पुढच्या अँटी-रोल बारचेच (वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याचे) बुश कडक केले, तर पुढच्या बाजूवर जास्त भार येऊन गाडी वळणावर बाहेर सरकू लागते. जो बुश अनेक दिशांना वाकण्यासाठीच घडवलेला असतो, तिथे कडक पीयू आर्मला अडकवते. शिवाय प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ बॉडीत जातो. गावाकडच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या कुटुंबाच्या गाडीला चांगल्या प्रतीचा रबरी बुशच बरा. पीयू घ्यायचे झाले तर मऊ प्रतीचे.

धार जिल्ह्यात पिथमपूरजवळ नॅट्रॅक्सचे वाहन चाचणी केंद्र आहे. त्याचा ११.३ किलोमीटर लांबीचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे गाड्या खडबडीत आणि थकवा तपासणाऱ्या ट्रॅकवरही पळवल्या जातात. गॅरेजात एवढी सोय नसते, पण तपासणीला साधे उपाय पुरतात. गाडी जॅकवर चढवून आर्मला पहारीने हलके रेटायचे, बुश किती सरकतो ते पाहायचे, कडेला भेगा दिसतात का ते बघायचे. रबरी बुश बदलताना शेवटचा बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडीच्या वजनाखालीच आवळावा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश वेळेआधीच फाटतो. मोकळ्या फिरणाऱ्या पीयू बुशला ही अट नाही, पण त्याचे ग्रीस मृगाचा पाऊस येण्याआधी, मेच्या अखेरीस एकदा तपासावे.