जुना केग स्वच्छ करताय? स्टील घासण्याआधी रबर बदला

अमेरिकेतल्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना त्यांच्या गॅरेजमध्ये सायकली आणि खोक्यांच्या मागे स्टीलचं एक उभट पिंप कधी दिसलंय? तो केग असू शकतो. घरी बिअर बनवणं हा तिकडे रीतसर छंद आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने त्याला परवानगी मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००, आणि विक्रीला मनाई. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. दारूचे कायदे राज्यांच्या हातात आहेत आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे पुढची माहिती बिअरपुरती तिकडे राहणाऱ्यांसाठी. इथे कुणी अशाच केगमध्ये लिंबू-सोडा किंवा आल्याचा सोडा भरणार असेल, तर साफसफाई हीच.

हा केग आला कुठून?

या छंदात सर्वांत लाडका केग म्हणजे ‘कॉर्नी’, म्हणजेच कॉर्नेलियस केग. पाच गॅलनचा, साधारण १९ लिटरचा. मुळात तो बिअरसाठी नव्हताच. हॉटेलांना कोला आणि इतर सोड्यांचं सिरप यातून जायचं. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागलं, हजारो केग निकामी ठरले आणि घरच्या हौशी मंडळींनी ते उचलले.

बिअर कंपनीचा मोठा केग मात्र अशा कामाला घेऊ नका. दुकानात भरलेली अनामत ही त्याची किंमत नसते. आपल्या गॅस सिलिंडरसारखंच आहे हे: अनामत तुमची, सिलिंडर कंपनीचा. शिवाय त्याच्या तोंडातली नळी आत दाब असताना सोडवली, तर बाणासारखी बाहेर उडू शकते.

आधी दाब सोडा

रिकामा वाटणाऱ्या कॉर्नीतही दाब असू शकतो. झाकणावर कडी असेल तर ती ओढून हवा जाऊ द्या. कडी नसेल तर गॅसच्या तोंडातली मधली पिन स्क्रूड्रायव्हरने दाबा. चेहरा बाजूला, डोळ्यांवर चष्मा. याचं लंबगोल झाकण आतून बसतं, आपल्या काही कुकरांसारखंच, त्यामुळे दाब असेपर्यंत ते उघडतच नाही. वरची दोन तोंडं मात्र बाहेरून आट्यांवर बसवलेली असतात. फुसफुस पूर्ण थांबल्याशिवाय त्यांना पाना लावू नका.

वास कुठे लपतो?

नवखी माणसं केगचं पोट घासत बसतात. खरं तर स्टेनलेस स्टील वास धरून ठेवत नाही. लोणच्याचा स्टीलचा डबा आठवा: डबा एका धुण्यात निघतो, झाकणाच्या रबराला मात्र महिनोन् महिने वास येतो. केगचंही तेच. त्यात ‘रूट बिअर’ भरलेली असेल तर विचारूच नका. नाव बिअर असलं तरी हा अमेरिकेतला गोड सोडा, आणि त्यात बऱ्याचदा विंटरग्रीनचा स्वाद असतो. सांधेदुखीच्या मलमाचा ओळखीचा वास येतो ना, तोच! रबरात मुरलेला हा वास धुऊन जात नाही.

म्हणून जुना केग घेतलात की पाचही रबरी रिंगा थेट बदला: झाकणाची मोठी एक, दोन तोंडांवरच्या दोन आणि त्याखालच्या नळ्यांवरच्या बारीक दोन. नव्या रिंगांचा संच स्वस्तात मिळतो, जुन्या उकळत बसण्यात अर्थ नाही. तोंडं उघडताना गॅसचं कोणतं आणि पेयाचं कोणतं ते वेगळं ठेवा, अदलाबदल झाली की आट्या अडकतात. पेयाची लांब नळी तळापर्यंत जाते. सिरपचा चिकट थर तिच्यातच साठतो, म्हणून तिथे बारीक लांब ब्रश हवाच.

काय वापरायचं, काय नाही

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट उत्तम. गरम पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो आणि चिकटलेली घाण सुटते. केग काठोकाठ भरून काही तास ठेवा, पण झाकण लावू नका. आत प्राणवायू तयार होत असतो, बंद केलंत तर दाब वाढेल. पांढरट-तपकिरी खडा जमलेला असेल तर तो अशाने जात नाही, त्याला आम्लाचं द्रावण लागतं.

तारेची घासणी नको. तिचे लोखंडी कण स्टीलवर राहतात आणि गंजतात. क्लोरीनचं ब्लीच तर मुळीच नको, त्याने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. निर्जंतुक करायला या छंदात बहुतेकदा फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वापरतात. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद गॅरेजमध्ये तो जिवावर बेतू शकतो. घरातलं बाथरूम धुतानाही ब्लीच आणि आम्लाच्या बाटल्या एकत्र वापरू नका. घरात लहान मुलं असतील तर हे डबे कुलपात ठेवा.

साबणाच्या पाण्याची परीक्षा

सगळं धुऊन, नव्या रिंगांना खाद्यपदार्थांसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस लावून जोडणी करा. मग कार्बन डायऑक्साइड ३० पीएसआयपर्यंत भरा. तुमचा कुकर साधारण १५ वर चालतो, म्हणजे हा दाब दुप्पट झाला. झाकण आणि तोंडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर गळती तिथेच आहे. बहुतेकदा झाकण काढून थोडं फिरवून बसवलं की काम होतं. नाहीच झालं तर झाकणाच्या कडेला पोचा आहे का बघा.

बुडबुडे नसले तरी घाई नको. गॅस तोडा, केग रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी कडी ओढा. जोरात फुस्स झालं तर केग भरायला तयार. पुन्हा उघडल्यावर आत वाकून हुंगू मात्र नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे केगमध्येच साचून राहतो आणि नाकात झणझणीत शिरतो.